चांद्याच्या पोटातली एकदाणी

...नाही, पण लाथच कशाला मारायची, मी म्हणतो! आज सकाळी तोंड धुवायला अंगणात आलो, तर सात माणसं पालथी! ओळीनं! पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे करतात ना, तशी आमच्या अंगणात सात माणसं पालथी पडलेली, सदरे मानेपर्यंत वर, पाठी उघड्या, आणि पहिला मान वळवून म्हणतो, "या प्रेमदासभाऊ, हाना." हाना! माझ्या तोंडात कडुनिंबाची काडी, हातात तांब्या, आणि मी हाणायचं! कुणाला? तर तानबाला! ज्याच्या खांद्यावर बसून मी लहानपणी जत्रा पाहिली त्या म्हाताऱ्याच्या पाठीत मी लाथ घालायची, का, तर त्याच्या कमरेत उसण भरली आहे, आणि मी जन्माला येताना डोक्याऐवजी पायांकडून आलो! पायाळू! झालं! आमच्याकडे पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, आणि पायाळू माणसाला जमिनीतलं सोनं दिसतं. म्हणजे डोकं कलकत्त्याला नेऊन पाच वर्षं घासलं ते राहिलं बाजूला, गावाला हवेत माझे पाय! किळस! तुम्हाला सांगतो, नुसती किळस!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, लावावा पाय नि मोकळं व्हावं. अहो, पण मी कशासाठी आलो होतो? पदार्थविज्ञान शिकलो. चांगली नोकरी मिळत होती, तिकडेच, पंख्याखाली. नाही म्हटलं. म्हटलं देश आता आपला, गाव आपलं, अंधार आपला, तर दिवाही आपणच न्यायचा. वर्ध्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा, हसू नका, वाकून माती घेतली आणि कपाळाला लावली. ती इंजिनाची राख निघाली. घरी येईपर्यंत कुणी सांगितलं नाही. आईनं दारातच विचारलं, "काऊन रे, गाडीत कोनी मेलं काय?"

आणि खांद्यावर हे यंत्र. कलकत्त्यात लढाईचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं होतं, त्यात मला हे दिसलं. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं यंत्र. लांब दांडा, टोकाला पोळपाटाएवढी तबकडी, खांद्याला डबा, डब्यात काचेचे दिवे आणि बॅटऱ्या, आणि कानांवर बसवायची दोन झाकणं. तबकडीजवळ धातू आला की कानात कूंऽऽ! बस. एवढंच. मंत्र नाही, तंत्र नाही, विजेचा साधा नियम! माझी सायकल आणि गरम कोट देऊन मी ते घेतलं आणि त्या वर्षीची थंडी चादरीत काढली. कशासाठी? तर आमच्या गावाबाहेर पांढरीचं टेकाड आहे. जुनी वस्ती होती तिथं, हजार वर्षांपूर्वीची, दोन हजार असेल. म्हटलं यंत्रानं तिथली नाणी शोधू, दागिने शोधू, आणि शाळेत एक काचेचं कपाट ठेवू. गावाच्या पोरांनी स्वतःचा इतिहास डोळ्यांनी पाहावा! मी गाडीतच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या हो कपाटात लावायला. 'सातवाहनकालीन नाणी.' 'मध्ययुगीन स्त्रियांचे अलंकार.' सुवाच्य अक्षरात. शाईनं.

आईनं यंत्र पाहिलं. मंदाबाई तिचं नाव, पण गाव तिला प्रेमदासची माय म्हणतं. चारी बाजूंनी फिरून पाहिलं. म्हणाली, "हे काय गा आनलं? येवढं लांबचं उलथनं?"

तरी मी निघालो. खांद्यावर डबा, कानांवर झाकणं, मागे अर्धं गाव. कानात कूंऽऽ झालं की माझं काळीज लक्कन व्हायचं. खणलं... नाल. बैलाची नाल. पुन्हा कूंऽऽ. नाल. तिसऱ्यांदा कूंऽऽ... भोकाचा पैसा! लढाईतला, तांब्याचा, मधे भोक पाडलेला, जो अजून तुमच्या-माझ्या खिशात सापडेल! मग बादलीची कडी. मग कुलूप, किल्लीविना. मग पुन्हा नाल. दोन महिने, तुम्हाला सांगतो, दोन महिने, ज्येष्ठ-आषाढातल्या चिखलात एक्केचाळीस नाला काढल्या मी त्या टेकाडातून! सातवाहन गेले कुठं? सगळे बैलच राहत होते काय इथं?

आणि मागे कवडू. कवडू ओळखत नसाल तुम्ही. धंदा शेतीचा, पण शेती बायको करते, हा गुप्तधन शोधतो. तीस वर्षं. लिंबू, नारळ, काळं कोंबडं, सगळं करून झालंय. तीस वर्षांत सापडलं काय, तर एकदा विंचू. हा कवडू माझ्यामागे कुदळ घेऊन चालायचा आणि मोठ्यानं निवाडा द्यायचा. "प्रेमदासभाऊ, तुमी काऊन कानानं शोधून राह्यले? तुमी पायाळू! हे मशीन ठेवा तिकडं. डोयात काजळ घाला अन् सरळ डोयानं पाहा!" मी त्याला थांबवून, पावसात, गुडघाभर चिखलात, विद्युत आणि चुंबकत्व समजावलं. अर्धा तास! त्यानं मन लावून ऐकलं. मान डोलवली. आणि मागे वळून लोकांना म्हणाला, "मंत्र म्हनते, पन आपल्याले नाई सांगत." किळस!

एकच माणूस गावात असं निघालं की ज्यानं मला धड प्रश्न विचारला. माणूस कसला, आमच्या शेजारच्या लहानूची बायको. नलू. लहानू माझा बालमित्र. त्याची आई धुरपतामावशी, म्हणजे घरातली कलेक्टर. नलूवहिनी पाण्याला निघालेली, डोक्यावर गुंडी, थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, सोनं अन् लोखंड, दोन्हीचा आवाज येकच येते काय?" अहो, मला भरून आलं! म्हटलं हो वहिनी, बरोब्बर! यंत्राला दोन्ही सारखीच. धातू आहे एवढंच ते सांगतं, कोणता ते नाही. तर म्हणते, "मंग आमच्या सासूबाईपरीस तुमचं मशीन बरं. तिले सोनं दिसलं का मानूस दिसत नाई." आणि गेली. हे बोलणं लक्षात ठेवा. मी विसरलो होतो. ती नव्हती विसरली.

मग आला पोळा. आणि तिथून माझी पत संपली, म्हणजे वाढली... म्हणजे तेच तर सांगतोय!

पोळ्याची आदली संध्याकाळ तुम्हाला माहीत आहे. बैलाचे खांदे लोण्या-हळदीनं शेकायचे आणि त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. फार सुंदर चाल आहे. मी त्यावर भाषणही केलं होतं शाळेत. लहानूच्या चांद्याला, म्हणजे त्याच्या कपाळावर चंद्र असलेल्या बैलाला, असंच आवतण गेलं. दुसऱ्या दिवशी तोरण तुटलं, बैल सजूनधजून दारी आले, पाय धुतले, ओवाळलं. आता आमच्याकडे घरातलं सोनं त्या दिवशी बैलाच्या कपाळाला लावतात. लक्ष्मी त्याच्या कष्टाची, म्हणून पहिला मान त्याचा. धुरपतामावशीनं गळ्यातली एकदाणी काढली. एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची पोत, एकवीस मणी, तिच्या आईची. चांद्याच्या कपाळाला लावली आणि ताटात ठेवली. ताट नलूवहिनीच्या हातात. ताटात चार पुरणपोळ्या, वर तूप. मावशी वळली दुसऱ्या बैलाला कुंकू लावायला, वहिनी वळली पदर सावरायला, आणि चांद्या... आवतण दिलेलं होतं ना त्याला? तो जेवला! ताट लख्ख! घासल्यासारखं!

आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. ढोल, ताशे, पोरांचा गलका. रात्रीच्या जेवणाला मावशीचा हात गळ्याला गेला, आणि मग जो आवाज निघाला तो माझ्या यंत्रातूनही कधी निघाला नाही.

"माही एकदानी! ताट कोनाच्या हातात होतं? सांग! कोनाच्या हातात होतं?"

वहिनी म्हणाली, "माह्या. पन ताट पुसून बैलानं खाल्लं, त्याच्यातच गेली असन."

"बैल! माहा चांद्या सोनं खाईन? मानसावानी हाय काय तो? त्याले पुरन अन् सोनं समजत नाई? माहेरी पोहचवलं म्हन सरळ!"

आणि लहानू? लहानू उंबऱ्यावर बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. एवढा सहा फूट गडी! मी म्हटलं बोल काहीतरी. तर म्हणतो, "माय हाय बावा." दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली लेकरं लाकडी बैल ओढत गल्लीतून चाललेली, आणि त्याच गल्लीतून नलूवहिनी एक गाठोडं घेऊन बापाच्या गावी निघाली. गिरडला. कुणी थांबवलं नाही. नळीतून वारा जावा तशी बातमी शेजारच्या आंजी गावापर्यंत गेली, की लहानूची बायको चोर निघाली. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती. किळस, किळस! माझ्याच गावाची मला!

मग मात्र माझं रक्त उसळलं. म्हटलं हाच तो क्षण! एक निरपराध स्त्री, एक संशय, आणि विज्ञान! मी जाहीर केलं, की धातू बैलाच्या पोटात असेल तर माझं यंत्र सांगेल. आठव्या दिवशी, सकाळी दहा वाजता, लहानूच्या गोठ्यासमोर, सर्वांच्या समक्ष!

सर्वांच्या समक्ष म्हणजे, तुम्हाला सांगतो, शाळा सोडून आले हो मास्तर! गोठ्याच्या भिंतीवर चढून बसले लोक. आणि गोठ्याच्या मेढीशी एकटा एक म्हातारा उभा. बाबाराव. नलूचा बाप. गिरडहून मोटारीनं वर्ध्याला आणि पुढं पायी आला होता. फेटा काखेत, हात छातीशी. माझ्या आईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला. तो म्हणाला, "नाई बाई. पोरीवरचा आळ जाईपर्यंत या गावचं पानी नाई. आळ गेला त पोरीले परत आनतो. नाई गेला त..." त्याच्या ओठांवर नुसती साल निघाली होती. ऊन होतं.

मी कानांवर झाकणं चढवली. तबकडी चांद्याजवळ नेली. कूंऽऽ! एवढ्या जोरात की मीच दचकलो. "सोनं!" लोक ओरडले. मी पाहिलं, तबकडी शिंगापाशी. शिंगांना पितळी शेंब्या! काढल्या. पुन्हा कूंऽऽ! "सोनं!" गळ्यात घंटा. काढली. घुंगरांची माळ. काढली. कूंऽऽ! "आता त सोनंच!" नाला. चारही पायांना नाला, आणि एकेका पायाला दोन-दोन! मी म्हटलं नाला काढा. लहानू म्हणाला, "अबे, परवाच ठोकल्या." मी म्हटलं काढ! नालबंद बोलावला, चांद्याला आडवा पाडला, आठ नाला उपटल्या, पुन्हा उभा केला. बैलाच्या मनात माझ्याविषयी काय असेल ते तो उभा राहताक्षणी मला कळलं. मी तबकडी घेऊन वाकलो मात्र, आणि त्यानं मागच्या पायानं माझ्या कमरेत अशी एक घातली... तानबा तर मोठ्यानं म्हणाला, "चांद्याबी पायाळू हाय काय रे?" आणि सगळं गाव हसलं. बाबाराव नाही हसला.

मी उठलो. कमर धरून. तबकडी पोटाखाली नेली. हळू... हळू... डाव्या कुशीत... कूंऽऽ.

अहो, खरंच! बारीक, पण स्वच्छ! दूर नेली, गप्प. जवळ नेली, कूंऽऽ! माझे डोळे भरून आले. मी झाकणं काढून धुरपतामावशीच्या कानांना लावली, तिनं ऐकलं, आणि दोन्ही हात जोडले. मी ओरडलो, "आहे! पोटात धातू आहे!"

आणि इथं, इथंच, माझ्या शिक्षणानं माझा घात केला. गप्प बसायचं की नाही? नाही! सत्य सांगायचं! संपूर्ण! मी म्हटलं, "धातू आहे हे नक्की. आता तो सोनं आहे की लोखंड, हे मात्र यंत्र सांगू शकत नाही."

चांद्या रवंथ करतोय तेवढाच आवाज.

मावशीनं हात सोडले. "म्हंजे? खिळाबी असू शकते?"

"असू शकतो," मी म्हटलं. प्रामाणिकपणे! "गुरं चाऱ्यातून खिळे गिळतात."

"मंग तुह्या मशीनचा कायले उपेग रे बावा? खिळा आमाले पाह्यजे काय? मी सांगतो, खिळाच हाय तो. एकदानी गिरडले हाय!"

मी बाबारावाकडे पाहिलं. तो फेटा हातात घेऊन उलगडत होता, पुन्हा डोक्याला बांधायला. म्हणजे निघाला. आणि तेवढ्यात माझी आई... माझी सख्खी आई हो, जिनं मला जन्म दिला, तोही उलटा... गर्दीतून म्हणाली, "अवं, पन मशीनले नाई दिसत त नाई दिसत. मशीनवाला पायाळू हाय ना! त्याले इचारा!"

कवडूच्या कमरेला काजळाची डबी तयार! तीस वर्षं तो या दिवसाची वाट पाहत होता! मी नको नको म्हणतोय, एकानं हात धरले, एकानं डोकं धरलं, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत, विद्यापीठात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या या डोळ्यांत, काजळ! कपाळापर्यंत! डोळ्यांतून पाणी, पाण्यातून काजळ, गालावर काळे ओघळ, आणि पाचशे माणसं श्वास धरून माझ्या तोंडाकडे पाहताहेत. "बोला प्रेमदासभाऊ! काय दिसते?"

काय दिसते? मला बैल दिसत होता! बाहेरून! आणि बैलाच्या पलीकडे मेढीशी, अर्धा बांधलेला फेटा हातात धरून, तो म्हातारा. त्याच्या ओठांवरची साल. तोही माझ्याकडेच पाहत होता. पाच वर्षांचं शिक्षण घशाशी आलं, म्हणालं, बोलू नकोस. मी आवंढा गिळला. शिक्षण खाली गेलं.

"सोनं," मी म्हटलं. "पिवळं. मणी आहेत. दिसताहेत मला."

जो जयघोष झाला! पण कवडू! तो मेला उलटतपासणी घेतो! "कित्ती मनी हायेत भाऊ?"

मला कुठं ठाऊक! तोंडाला आलं ते बोललो, "अकरा."

"एकवीस होते!" धुरपतामावशी.

"बाकीचे... आतड्याच्या आड आहेत."

"हां!" सगळं गाव. "आतड्याच्या आड! बराबर! तिकडं कसे दिसतीन?" कुणालाही, तुम्हाला सांगतो, एकालाही शंका आली नाही! यंत्रानं खरं सांगितलं तेव्हा खिळा होता, मी थाप मारली तेव्हा सोनं झालं! कमरेत बैलाची लाथ, डोळ्यांत काजळ, जिभेवर खोटं... किळस आली मला, आणि या वेळी कुणाची? माझी! माझी स्वतःची!

बाबारावानं मात्र तांब्या मागितला. उभ्या उभ्या अख्खा तांब्या प्यायला, अर्धं पाणी छातीवर सांडत. तिसऱ्या दिवशी नलूवहिनी घरात.

संपलं असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटलं. पण सोनं आत गेलं तर बाहेरही यायचंच, हा हिशेब मी केलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी उजाडता लहानू दारात. "प्रेमदास, चल. चांद्यानं पो टाकला." म्हटलं मग? "मंग काय, मशीन घे!" आणि तेव्हापासून, अहो, ज्या तबकडीखाली सातवाहनांची नाणी निघायची होती, ती तबकडी मी रोज सकाळी शेणावरून फिरवू लागलो! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पाच आठवडे! बैल रोज किती वेळा शेण टाकतो, माहीत आहे तुम्हाला? मला माहीत आहे! वहीत लिहिलंय! हिरवा चारा असला की कसं, सरकीची ढेप खाल्ली की कसं, पावसात कसं! वास कानांच्या झाकणांत गेला, डब्यात गेला, दिव्यांत गेला, जेवताना भाकरीला यायचा! आणि यंत्र काय म्हणतं? काही नाही! चिडीचूप! पोटाखाली धरलं की कूंऽऽ, शेणावर धरलं की चूप! त्या बैलाच्या पोटात जे आहे ते बाहेर यायला तयार नाही! किळस, किळस, किळस! तीनदा! माझ्यासमोर रोज सकाळी तीनदा टाकायचा तो, म्हणून तीनदा!

गुरांच्या डॉक्टरांना मीच विचारून आलो. ते म्हणाले पोट उघडून काढता येतं. मी येऊन सांगितलं, तर धुरपतामावशी चांद्याच्या गळ्यात पडली. "माह्या चांद्याचं पोट फाडता? त्याच्यापरीस माहं फाडा!" मग बसून विचार केला तिनं. मोठा विचार. आणि म्हणाली, "काढाचं कायले? संदुकीतलं चोर नेते. गळ्यातलं तुटते. चांद्याच्या पोटातलं कोन नेते? घरचं सोनं घरातच हाय. चालून राह्यलं, फिरून राह्यलं, शेतबी वाहून राह्यलं!"

झालं! तेव्हापासून चांद्या लक्ष्मी. दर शुक्रवारी त्याला हळदकुंकू, आणि दर शुक्रवारी माझं बोलावणं. "येजो रे प्रेमदास, पाहून जाजो, हाय का जाग्यावर." मी जातो. तबकडी लावतो. कूंऽऽ. "आहे, मावशी." "अकराच दिसते का?" "आज तेरा." काय करू? बदल लागतो माणसांना!

आणि त्या एका दिवसानं माझे पाय प्रसिद्ध झाले. ज्याला पोटातलं दिसतं त्याच्या लाथेत काय गुण असेल! अहो, सेवाग्रामच्या बाजूची माणसं येतात, तिथं एवढा दवाखाना असताना! शाळेतलं माझं कपाट? आहे ना. त्यात एक्केचाळीस नाला आहेत. 'मध्ययुगीन स्त्रियांचे अलंकार' ही चिठ्ठी मी काढायची विसरलो, मास्तर पाहुण्यांना तसंच वाचून दाखवतात.

गेल्या शुक्रवारची गोष्ट. तुम्ही परगावचे म्हणून सांगतो, इथं बोलू नका. मावशी देवळात गेलेली, लहानू वावरात, गोठ्यात मी, चांद्या आणि नलूवहिनी. ती म्हणाली, "भाऊजी, माह्या कानाले लावा बरं ते." मी झाकणं दिली. तबकडी चांद्याच्या कुशीत धरली. तिनं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ. मग म्हणाली, "बारीक हाय. खिळ्यायेवढा."

मी तबकडी झटकन बाजूला घेतली.

"तुमीच त सांगतलं होतं मले, सोनं अन् लोखंड मशीनले सारखंच. मंग तुमाले मनी कसे दिसले?"

मी म्हटलं, "वहिनी, मी खोटं बोललो. मला राहवत नाही. यंत्र घेऊन गावात खरं सांगायला आलो होतो मी. आज चावडीवर जातो आणि..."

"काई नाई जात!" असा आवाज चढवला तिनं की चांद्यानं रवंथ थांबवला. "तुमचं खरं गेलं चुलीत! खरं त मीबी सांगतलं होतं, पयल्याच दिवशी, येवढ्या मोठ्यानं. कोनी आयकलं? एकदानी त्याच्या पोटात हाय का शेनासंग नाल्यात वाहून गेली, देवाले ठाऊक. पन माहा बाप त्या दिवशी पानी प्याला ना? मंग?"

"पण वहिनी, कधीतरी चांद्या मरेल. तेव्हा पोट पाहतील. खिळा निघाला तर?"

तिनं झाकणं काढली, पदरानं पुसली, माझ्या हातात दिली. चांद्यापुढं ढेपेचा तुकडा टाकला. म्हणाली, "चांद्या अजून धा-बारा वर्स मरत नाई. म्या मरूच नाई देत त्याले. तवर ती म्हातारी राह्यते काय? तवर मीच सासू होतो भाऊजी. मंग खिळा निंघाला तरी मी म्हनन तेच सोनं."

यावर विज्ञान काय म्हणतं? माझ्याजवळ सगळी पुस्तकं आहेत. मी आठ दिवस शोधतोय. सापडत नाही.

आणि हे बोलता बोलता बघा कमरेतून कशी कळ निघाली! चांद्यानं घातली ना, तेव्हापासून वाकता येत नाही मला. मालीश केलं, शेक घेतला, गोळ्या घेतल्या. तर आज सकाळी, या सातांना आटोपून, म्हणजे हो, मारल्या, सातही मारल्या, तर तानबा उठला, ताठ, हातपाय झटकले, आणि म्हणाला, "प्रेमदासभाऊ, तुमाले बी उसनच हाय. पवनारले येक बुढी हाय पायाळू, नव्वद वर्साची. लाथ नाई मारत, नुसता अंगठा लावते."

मी म्हटलं, तानबा, मी शिकलेला माणूस आहे! मला असल्या गोष्टींची किळस येते, किळस!

...मंगळवारी जातोय. गाडी लहानूची आहे. जुंपणार चांद्यालाच.